थायमॉल : ओव्याच्या वासामागचे द्रव्य

ओवा तळहातावर चोळताच नाकाला झोंबणारा जो उग्र, उष्ण वास येतो, तो मुख्यतः थायमॉल या सुगंधी द्रव्याचा असतो. स्वयंपाकात वापरल्या जाणाऱ्या अनेक वनौषधींच्या बाष्पनशील तेलात हे द्रव्य कमीअधिक प्रमाणात असते. भारतीय ओवा आणि भूमध्यसागरी प्रदेशातील थाइम हे त्याचे दोन प्रमुख नैसर्गिक स्रोत होत. स्वाद, जंतुनाशन, कृमिनाशन, दस्तऐवजांचे जतन, मधमाशीपालन आणि रासायनिक उद्योग अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या क्षेत्रांत थायमॉलचा वापर झाला आहे. महाराष्ट्र आणि माळव्याच्या बाजारपेठांत ते ‘ओव्याचे फूल’, ‘ओव्याचे सत्त्व’ किंवा ‘अजवायन का फूल’ या नावांनी पूर्वापार विकले जाते.

नाव आणि नावाचे घोटाळे

‘थाइम’ या वनस्पतीच्या नावावरून ‘थायमॉल’ हे नाव सिद्ध झाले. शेवटचे ‘ऑल’ हे अक्षर रसायनशास्त्राच्या परिभाषेनुसार रेणूतील हायड्रॉक्सिल गटाचे निदर्शक आहे. नावातील साम्यामुळे इतर काही संज्ञांशी त्याची गल्लत होते. ‘थायमिन’ या एकाच मराठी उच्चाराने ओळखले जाणारे ब१ जीवनसत्त्व आणि डीएनएमधील एक घटक, तसेच छातीतील ‘थायमस’ ही ग्रंथी, यांपैकी कशाचाही थायमॉलशी रासायनिक संबंध नाही.

ओव्याला संस्कृतात ‘यवानी’ म्हणतात आणि हिंदीतील ‘अजवाइन’ हा शब्द त्याच्याशीच जोडला जातो. त्याचे शास्त्रीय नाव ट्रॅकिस्पर्मम अम्मी असे आहे. ‘अजमोदा’ ही निराळी वनस्पती आहे. ‘खुरासनी ओवा’ तर पूर्णपणे वेगळ्या कुलातील विषारी वनस्पती असून तिचा उल्लेख पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

रचना आणि गुणधर्म

थायमॉलच्या एका रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. सहा कार्बन अणूंचे बेंझीन वलय, त्याला जोडलेला एक हायड्रॉक्सिल गट, एक मिथिल गट आणि एक आयसोप्रोपिल गट अशी त्याची रचना आहे. वलयाला थेट जोडलेल्या हायड्रॉक्सिल गटामुळे थायमॉल ‘फिनॉल’ वर्गात मोडते. वनस्पती मात्र ते टर्पीन वर्गातील संयुगांच्या मार्गाने तयार करतात, म्हणून त्याला ‘मोनोटर्पीन फिनॉल’ म्हणतात.

शुद्ध थायमॉलचे स्फटिक पांढरे किंवा रंगहीन असतात. ते सुमारे ५० अंश सेल्सिअसला वितळतात आणि सुमारे २३२ अंशांना उकळतात. उत्कलनबिंदू इतका वर असला, तरी साध्या तापमानालाही त्याची थोडी वाफ सतत होत राहते. बाटलीचे बूच सैल राहिले की स्फटिक हळूहळू कमी होतात, ते यामुळेच. पाण्याबरोबर उकळल्यास पाण्याच्या वाफेसोबत ते १०० अंशांच्या आतच बाहेर पडते. ओव्याचे तेल काढण्याची सर्व कृती या गुणधर्मावर आधारलेली आहे.

पाण्यात थायमॉल फारच थोडे विरघळते. एक लिटर पाण्यात त्याचे प्रमाण एक ग्रॅमच्या आसपासच राहते. मद्यार्क, ईथर आणि खाद्यतेले यांत मात्र ते सहज विरघळते. कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीशी त्याचा संयोग होऊन पाण्यात विरघळणारा क्षार बनतो आणि त्यात आम्ल घातले की थायमॉल पुन्हा मोकळे होते.

‘कार्व्हाक्रॉल’ हा थायमॉलचा समघटक आहे. दोन्ही रेणूंतील अणू तेच आणि तितकेच असतात, फक्त हायड्रॉक्सिल गटाची जागा बदलते. एवढ्या फरकामुळे थायमॉल स्फटिकरूप, तर कार्व्हाक्रॉल साध्या तापमानाला द्रवरूप राहते. पिझ्झ्यासोबत मिळणाऱ्या पुडीतील ओरेगॅनोचा वास ओव्याशी नाते सांगतो, याचे कारण या दोन समघटकांत आहे. ओरेगॅनोच्या तेलात बहुधा कार्व्हाक्रॉलचे प्राबल्य असते.

वनस्पतींतील आढळ

ओवा ही धणे, जिरे आणि बडीशेप यांच्या कुलातील वनस्पती आहे. व्यवहारात ज्याला आपण ओव्याचे ‘बी’ म्हणतो, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तिचे फळ असते. फळाच्या सालीत सूक्ष्म तैलनलिका असतात. चोळल्याने, कुटल्याने किंवा चावल्याने त्या फुटतात आणि वास मोकळा होतो. वाळलेल्या ओव्यात साधारणपणे २ ते ४ टक्के बाष्पनशील तेल असते आणि या तेलाचा ३५ ते ६० टक्के भाग थायमॉलचा असतो. उरलेल्या भागात मुख्यतः पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीन ही संयुगे आढळतात. आज भारतात ओव्याच्या उत्पादनात राजस्थान आणि गुजरात ही राज्ये आघाडीवर आहेत.

थाइम, म्हणजे थायमस व्हल्गॅरिस, हे तुळशीच्या कुलातील झुडूप आहे. त्याच्या पानांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म ग्रंथी असतात आणि तेल त्यांत साठते. उत्तर अमेरिकेतील मोनार्डा वंशाच्या काही जातींतही थायमॉल मिळते. गोवा, कोकण आणि बेळगाव परिसरात घराच्या परसात कुंडीत लावला जाणारा जाड, लवदार पानांचा ‘पानओवा’ ही ओव्याची वनस्पती नव्हे. तो तुळशीच्याच कुलातील असून त्याचे शास्त्रीय नाव कोलियस अँबोइनिकस असे आहे. त्याच्या तेलात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल या दोहोंचा आढळ असल्यामुळे पानांना ओव्याचा वास येतो. कन्नड भाषक त्याला ‘दोड्डपत्रे’ म्हणतात आणि त्याची ताकातील तंबळी करतात. मराठी घरांत त्याच्या पानांची भजी होतात.

वनस्पतीच्या पेशींत थायमॉल एका ठरावीक क्रमाने घडते. जेरॅनिल डायफॉस्फेट या पूर्वद्रव्यापासून प्रथम गॅमा-टर्पिनीन बनते. त्यानंतर ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकरांच्या साह्याने त्याचे थायमॉलमध्ये रूपांतर होते. तेलात गॅमा-टर्पिनीन आणि थायमॉल नेहमी एकत्र सापडतात, ते या कारणाने.

वनस्पती हे द्रव्य कशासाठी तयार करते, या प्रश्नाचे एक बोलके उत्तर फ्रान्सच्या दक्षिणेकडील माँपेलिए शहराच्या परिसरात मिळाले. तेथील रानटी थाइमचे सहा रासायनिक प्रकार आहेत. दिसायला सगळी झुडपे सारखीच असली, तरी कोणात थायमॉल, कोणात कार्व्हाक्रॉल, तर कोणात लिनालूल किंवा जेरॅनिऑल प्रमुख असते. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल असलेली झुडपे कीटक व प्राण्यांपासून अधिक सुरक्षित असतात, पण हिवाळ्यातील कडाक्याचे हिम त्यांना सोसत नाही. म्हणून थंड हवा साचणाऱ्या खोलगट भागांत पूर्वी ती जवळजवळ नव्हती. १९७० च्या दशकात केलेल्या पाहणीची सुमारे साडेतीन दशकांनी पुनरावृत्ती झाली, तेव्हा या फिनॉलयुक्त झुडपांनी त्या खोलगट भागांतही शिरकाव केल्याचे दिसून आले. मधल्या काळात तेथील अतितीव्र हिमाचे हिवाळे विरळ झाले होते. हवामानबदलाची नोंद अशा रीतीने एका वनौषधीच्या वासात उमटली.

स्वयंपाकातील स्थान

थायमॉल पाण्यापेक्षा तेलात अधिक सहज विरघळते, ही गोष्ट पाककृतींनी शास्त्राच्या आधीच हेरली होती. शेव, गाठी, कांदाभजी, चकली, मठरी अशा तेलात तळल्या जाणाऱ्या पदार्थांत ओवा हमखास असतो. गरम मोहनात किंवा तळणीत त्याचा स्वाद पदार्थभर पसरतो. ओवा फार वेळ भाजल्यास मात्र थायमॉल उडून जाते आणि मागे कडवटपणा उरतो.

ओवा चावल्यावर जिभेला जी चुरचुरणारी ऊब जाणवते, ती नुसत्या चवीची नव्हे. तोंडातील आणि त्वचेतील ऊब व चुरचुर टिपणाऱ्या काही मज्जाग्राहकांना थायमॉल उत्तेजित करते. मिरचीतील कॅप्सेसिनचे आणि पुदिन्यातील मेन्थॉलचे कार्यही याच धर्तीचे आहे, फक्त त्यांचे ग्राहक वेगळे आहेत.

बाजारात तेल काढून घेतलेला निःसत्त्व ओवा चांगल्या ओव्यात मिसळण्याची लबाडी होते. दाणे दिसायला ठीक असतात, पण तळहातावर चोळल्यावर वास क्षीण येतो. ही साधी परीक्षा घरीही करता येते. चांगला ओवाही उघड्या भांड्यात राहिला तर सत्त्व गमावतो. म्हणून तो अखंड स्वरूपात, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा आणि गरजेपुरताच कुटावा.

इतिहास : उज्जैनचे फूल आणि जर्मनीचा कारखाना

बर्लिन येथील औषधिविद कॅस्पर नॉयमान याने १७१९ मध्ये थाइमच्या तेलातून हे स्फटिक प्रथम वेगळे केले. १८५३ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ अलेक्सांद्र लालमाँ याने त्याला ‘थायमॉल’ हे नाव दिले आणि त्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण निश्चित केले. १८८२ मध्ये स्वीडनच्या ऑस्कर विडमानने ते प्रयोगशाळेत संश्लेषित केले.

युरोपात हे संशोधन चालू असताना भारतात तेच द्रव्य बाजारात सर्रास मिळत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्यात आणि दख्खनच्या इतर गावांतील दुकानांत ‘अजवायन का फूल’ या नावाने स्फटिक विकले जात आणि ते उज्जैन व मध्य भारतातील अन्य ठिकाणी तयार होत. ओव्याचे तेल थंडीत ठेवले की त्यातून हे स्फटिक आपोआप खाली बसत. ओव्याचे ‘फूल’ आणि थाइमचे ‘थायमॉल’ ही एकच वस्तू असल्याचे स्टेनहाउस आणि हेन्स या रसायनज्ञांनी १८५० च्या दशकात दाखवून दिले. माळव्यातील कारागिरांना रेणूची रचना ठाऊक नव्हती, परंतु द्रव्य शुद्ध करण्याची कृती त्यांच्या हाती होती.

या कौशल्याचे पुढे उद्योगात रूपांतर झाले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थायमॉलची मागणी वाढली, तेव्हा भारतातून ओवा पोत्यांनी जर्मनीला जाऊ लागला. ऊर्ध्वपातन तेथील कारखान्यांत होई आणि तयार थायमॉल जगभर विकले जाई, भारतातही येई. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच हा पुरवठा तुटला. कच्चा माल ब्रिटिश साम्राज्यात असूनही तयार औषध शत्रूच्या देशात, अशी स्थिती उद्भवली. तेव्हा भारतातच तेल गाळण्याच्या प्रयत्नांना चालना मिळाली, तर अमेरिकेच्या कृषिखात्याने मोनार्डापासून थायमॉल काढण्याचे प्रयोग केले. पुढे कृत्रिम थायमॉल स्वस्तात मिळू लागल्यावर औषधउद्योगाचा कच्चा माल म्हणून ओव्याचे महत्त्व ओसरले. मसाला म्हणून असलेले त्याचे स्थान मात्र अबाधित राहिले.

निर्मिती

नैसर्गिक थायमॉलसाठी भरड कुटलेल्या ओव्यातून वाफ सोडतात. वाफ थंड केल्यावर पाण्यावर तेल तरंगते. ते तेल गोठवून स्फटिक काढता येतात किंवा अल्कलीच्या द्रावणाबरोबर घुसळून थायमॉल पाण्याच्या थरात उतरवता येते आणि नंतर आम्लाने मोकळे करता येते. उरलेले तेल साबणाच्या सुगंधासाठी वापरले जाई. वाफ थंड झाल्यावर मागे राहणारे सुवासिक पाणी म्हणजेच घरोघरी परिचित असलेला ‘ओव्याचा अर्क’ होय.

आजचे बहुतांश औद्योगिक थायमॉल खनिज तेलापासून किंवा कोळशापासून मिळणाऱ्या मेटा-क्रेसॉलचा प्रोपिलीन वायूशी संयोग घडवून तयार होते. त्याचा मोठा वाटा पुन्हा दुसऱ्याच वस्तूत रूपांतरित होतो. थायमॉलच्या वलयात हायड्रोजन मिळवला की मेन्थॉल बनते. जर्मनीतील होल्झमिंडेन येथील सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ केली. टूथपेस्टमधील थंडावा त्यामुळे भारतीय पुदिन्याच्या शेतातून आलेला असू शकतो, तसाच थायमॉलच्या मार्गानेही आलेला असू शकतो.

उपयोग

अंकुशकृमींवरील औषध म्हणून थायमॉलने एके काळी मोठी कामगिरी बजावली. १८८० च्या सुमारास आल्प्स पर्वतातील गॉटहार्ड बोगद्याच्या मजुरांत रक्तक्षयाची साथ पसरली होती. त्याच काळात इटलीतील तुरिन येथील वैद्य कामिल्लो बोत्सोलो यांनी अंकुशकृमींवर थायमॉलचा उपचार प्रचारात आणला. १९०९ नंतर रॉकफेलर यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या आयोगाने अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत थायमॉल आणि एप्सम सॉल्ट देऊन लाखो रुग्णांवर उपचार केले. औषध घेताना तेल, तूप आणि मद्य वर्ज्य असे. स्निग्ध पदार्थांत विरघळून थायमॉल रक्तात शिरले तर विषबाधा होई आणि असे मृत्यूही घडले. अधिक सुरक्षित औषधे आल्यावर हा उपचार मागे पडला.

दंतारोग्याच्या क्षेत्रात ते अजून टिकून आहे. १८७९ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या ‘लिस्टरिन’ या प्रसिद्ध मुखधावनात थायमॉलचे प्रमाण ०.०६४ टक्के असते आणि त्यासोबत मेन्थॉल, युकॅलिप्टॉल व मिथिल सॅलिसिलेट असतात. हॅलोथेन या भूल देणाऱ्या औषधात ते टिकाऊपणासाठी ०.०१ टक्के मिसळले जाई. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेतील ‘थायमॉल ब्लू’ आणि ‘थायमॉलफ्थॅलीन’ हे दर्शकही थायमॉलपासूनच बनतात.

दमट प्रदेशांतील ग्रंथालयांना आणि अभिलेखागारांना थायमॉलची ओळख बुरशीनाशक म्हणून आहे. हवाबंद कपाटात जाळीच्या फळ्यांवर कागद पसरून ठेवायचे, तळाशी बशीत थायमॉलचे स्फटिक ठेवून खाली ४० वॅटचा दिवा रोज काही तास लावायचा आणि ही धुरी आठवडाभर किंवा अधिक काळ चालू ठेवायची, अशी पद्धत भारतातील जतनशाळांत दीर्घकाळ प्रचलित होती. तिच्या मर्यादाही लक्षात आल्या आहेत. थायमॉलने कागद पिवळा पडू शकतो, चर्मपत्र आणि वॉर्निश यांना अपाय होतो, काम करणाऱ्यांच्या डोळ्यांना व श्वसनमार्गाला त्रास होतो आणि वाफ ओसरल्यावर बुरशी पुन्हा येऊ शकते. त्यामुळे आजचे जतनतज्ज्ञ धुरीपेक्षा दालनातील आर्द्रता आटोक्यात ठेवण्यावर भर देतात.

मधमाशीपालक थायमॉलचा वापर ‘व्हॅरोआ’ या परजीवी कोळ्याविरुद्ध करतात. पोळ्याच्या पेटीत ठेवलेल्या थायमॉलची वाफ कोळ्याला मारक ठरते, तर योग्य मात्रेत मधमाश्या ती सहन करतात. वाफेचे प्रमाण तापमानावर अवलंबून असल्याने थंडीत हा उपाय निष्प्रभ ठरतो आणि कडक उन्हाळ्यात मधमाश्यांनाच त्रास होतो.

जंतुनाशक क्रिया

जिवाणूच्या पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ पटल असते. थायमॉल त्या पटलात शिरते आणि त्याची बांधणी विस्कळीत करते. पेशीतील क्षार बाहेर गळू लागतात आणि तिचे कार्य थांबते. बुरशीच्या पेशींवरही त्याचा परिणाम याच धर्तीचा असतो. मात्र प्रथिने आणि इतर सेंद्रिय पदार्थ सभोवती असले की ही क्रिया मंदावते. परीक्षानळीत जंतू मारणारे द्रव्य शरीरातील संसर्ग बरा करीलच, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

सुरक्षितता आणि घरगुती उपाय

ओव्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्रेचा आहे. चहाच्या एका चमच्यात साधारण २ ग्रॅम ओवा मावतो आणि त्यात सुमारे २० ते ४० मिलिग्रॅम थायमॉल असते. याउलट ओव्याच्या फुलाचा अवघा १ ग्रॅम म्हणजे ५० ते १०० ग्रॅम ओव्याचे सत्त्व. ‘ओवा तर आपण रोजच खातो’ हा युक्तिवाद त्यामुळे स्फटिकांना किंवा शुद्ध तेलाला लागू पडत नाही. तीव्र स्वरूपातील थायमॉल त्वचेला, डोळ्यांना आणि अन्ननलिकेच्या अस्तराला पोळवते. पोटात अधिक गेल्यास मळमळ, उलट्या, पोटदुखी आणि चक्कर ही लक्षणे दिसतात.

कापूर, पुदिन्याचे सत्त्व आणि ओव्याचे सत्त्व एकत्र केले की तिन्ही घन पदार्थांचे मिळून तेलकट द्रव होते. ‘अमृतधारा’ या नावाने ते घरोघरी ओळखले जाते. त्यात पाण्याचा अंश नसतो, म्हणजे ते पूर्णतः तीव्र सत्त्वच असते. यातील कापूर लहान मुलांच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात आणि मेन्थॉलचा उग्र वास तान्ह्या बाळाच्या नाकाशी आल्यास त्याचा श्वास अडखळू शकतो. त्यामुळे तान्ह्या बाळाला असे मिश्रण पाजणे, नाकाजवळ लावणे किंवा हुंगवणे धोक्याचे आहे. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. मुलाच्या पोटात ते गेल्यास उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता, बाटली सोबत घेऊन त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. गर्भवती स्त्रियांनीही सत्त्व किंवा तेल वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. स्वयंपाकातील नेहमीच्या ओव्याला ही बंधने लागू नाहीत.

दुसरा धोका नावातून उद्भवतो. ‘खुरासनी ओवा’ म्हणजे हायोसायमस नायगर ही धोत्र्याच्या कुलातील विषारी वनस्पती आहे. तिच्या बियांत थायमॉल नसून हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही मेंदूवर परिणाम करणारी अल्कलॉइडे असतात. तोंड कोरडे पडणे, बाहुल्या विस्फारणे, भ्रम होणे ही त्या विषबाधेची लक्षणे होत. जडीबुटीच्या दुकानात औषधासाठी ओवा मागताना नाव स्पष्ट सांगावे आणि ओव्याचा ओळखीचा वास नसलेले दाणे घरी आणू नयेत.

बाळंतिणीच्या आहारातील ओवा, जेवणानंतरची ओव्याची चिमूट आणि पावसाळ्यातली पानओव्याची भजी यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचा आधार आहे. तो अनुभव अख्ख्या दाण्याचा आणि पानाचा आहे. स्फटिकाचे मोजमाप चिमटीने न करता तराजूने करावे लागते.